दर डंखाला वाढत जाणारी ॲलर्जी: किशोरवयीन मुलाच्या घरच्यांनी काय पाहावे, काय करावे

माझ्या भाच्याला पहिल्यांदा मधमाशी डसली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बोट सुजले, आजीने चुना लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळे ती गोष्ट विसरून गेले. तेराव्या वर्षी तळहातावर डंख बसला, सूज मनगट ओलांडून कोपरापर्यंत चढली आणि उतरायला आठवडा लागला. पंधराव्या वर्षी एका सहलीत मानेवर एकच डंख बसला आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, दोन उलट्या झाल्या. मानेवरची सूज मात्र लिंबाएवढीसुद्धा नव्हती, आणि नेमके तेच पाहून सोबतची मोठी माणसे निर्धास्त झाली. ‘पित्त उठले आहे’ असे ठरवून कोणीतरी त्याच्या अंगाला आमसुलाचे पाणी लावले. सुदैवाने तालुक्याचे गाव जवळ होते.

यातून घ्यायची पहिली गोष्ट अशी की धोका डंखाच्या जागेवरून मोजायचा नसतो. डंख सोडून शरीरात इतरत्र काय होते आहे, ते पाहायचे असते. दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी सूज, ती दोन दिवस वाढत राहणे आणि आठवडाभर टिकणे, हे दिसायला भयंकर असले तरी ती स्थानिक प्रतिक्रियाच असते. अशा मुलांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच पुढच्या डंखाला सर्वांगीण प्रतिक्रिया येते. याउलट अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घोगरा आवाज, खोकल्याची उबळ, श्वासात शिट्टी, पोटात कळ, उलटी, चक्कर किंवा ‘मला काहीतरी भलतेच होतंय’ ही मुलाची तक्रार, यांपैकी काही दिसले तर डंख विसरावा आणि माणसाकडे पाहावे. अंगभर गांधींसोबत श्वास, रक्तदाब किंवा पोट यांपैकी काहीही बिघडले, तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी सर्वांगीण ॲलर्जी, समजावा. डंखानंतर त्वचेवर काहीच न उठता एकदम घेरी आली किंवा श्वास कोंडला, तरी हेच समजावे. ही शक्यता अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरा डंख पहिल्यापेक्षा वाईट का ठरतो, याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री जिवांचे विष कुत्र्यांना टोचले, तेव्हा पहिला डोस सोसलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून कमी डोसाने मरण पावला. या कामासाठी रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या डंखात शरीर विषाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे (आयजीई) तयार करते आणि पुढचा डंख त्या तयारीवर येऊन पडतो. मात्र प्रत्येक वेळी पायरी चढतेच असे नाही, म्हणून एका सौम्य डंखाने निश्चिंतही होऊ नये.

डंख बसताच काय करावे? मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट त्वचेत राहतो आणि पुढेही विष सोडत राहतो, म्हणून नखाने, कार्डाने, हाताला येईल त्याने तो लगेच काढावा; चिमटा शोधण्यात वेळ घालवू नये. गांधीलमाशी सहसा काटा मागे ठेवत नाही आणि पुनःपुन्हा डसू शकते. जखमेवर गार पाणी घालावे. लोखंड घासणे आणि चुना यांचा ॲलर्जीवर काही परिणाम होत नाही. आसपास मोहोळ असेल तर तोंड झाकून सरळ दूर पळावे आणि बंद खोली किंवा गाडी गाठावी, कारण काट्यासोबत सुटणाऱ्या वासाने इतर माश्या तिथेच धावून येतात.

सर्वांगीण लक्षण दिसले की औषध एकच, ॲड्रेनलिन, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, शिरेत नव्हे. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, कमाल ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनमधून ५० किलोच्या मुलासाठी अर्धा मिलिलिटर. फरक न पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत सर्रास ॲव्हिल (ॲलर्जीचे नेहमीचे औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) देऊन पेशंटला बाकावर बसवले जाते. ती औषधे खाज कमी करतात, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाहीत आणि कोसळणारा रक्तदाब सावरत नाहीत. तिथे घरच्यांनी नम्रपणे पण स्पष्टपणे ॲड्रेनलिनबद्दल विचारावे. ब्रिटनमधील मृत्यूंच्या एका अभ्यासात निम्म्या रुग्णांत डंखापासून हृदय बंद पडेपर्यंत सुमारे पंधरा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागल्याचे आढळले होते. १०८ ला फोन करावाच, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत इंजेक्शन थांबवू नये.

मुलाला आडवे झोपवून पाय वर ठेवावेत. श्वासाचा त्रास असेल तर बसू द्यावे, बेशुद्ध होत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उभे करून चालवू नये. गडावर असाल तर ही सूचना विशेष अवघड जाते, कारण सगळ्यांनाच त्याला झटपट खाली न्यायचे असते. पण रक्तदाब घसरलेला असताना अचानक उभे केल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली थांबावे, कारण लक्षणे उतरून पुन्हा उसळू शकतात.

यानंतर खरे काम सुरू होते, आणि ते सहसा राहून जाते. प्रत्येक डंखाची तारीख, वेळ, कीटक, पहिले लक्षण कितव्या मिनिटाला आले आणि काय औषध दिले, हे एका वहीत लिहावे. सुजेची कड पेनाने आखून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. आग्या, सातेरी किंवा फुलोरी मधमाशी, गांधीलमाशी की मुंगी, हे सांगता आले तर ॲलर्जीतज्ज्ञाचे काम निम्मे सोपे होते. शक्य असल्यास मेलेला कीटक डबीत ठेवावा. विषाविरुद्धच्या आयजीईची रक्तचाचणी किंवा त्वचेची चाचणी प्रतिक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी करावी, लगेच केल्यास ती खोटी नकारात्मक येऊ शकते. मुलगा पूर्ण बरा असताना रक्तातील ट्रिप्टेजही (ॲलर्जीच्या पेशींतून सुटणारे एक विकर) मोजून घ्यावे, कारण ते वाढलेले असेल तर धोका अधिक असतो.

ॲनाफिलॅक्सिस होऊन गेलेल्या मुलासाठी विषाचीच वाढत्या मात्रेतली इंजेक्शने तीन ते पाच वर्षे देण्याचा उपचार आहे. गांधीलमाशीच्या ॲलर्जीत तो सुमारे ९५ टक्के, तर मधमाशीच्या ॲलर्जीत सुमारे ८० टक्के रुग्णांना वाचवतो. भारतात तो सर्वत्र सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे की तो कुठे देतात. केवळ त्वचेवर गांधी उठलेल्या मुलांना बहुधा त्याची गरज पडत नाही.

ॲड्रेनलिनचे तयार पेनही (मात्रा आधीच भरलेले, स्वतः टोचता येणारे इंजेक्शन) आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडून चिठ्ठी, अँप्युल (औषधाची काचेची बंद कुपी), सिरिंज आणि मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेला कागद घ्यावा, आणि सलाईनचे पाणी भरून मोसंब्यावर सराव करावा. भाच्याच्या आईला पहिल्यांदा अँप्युल फोडायला अडीच मिनिटे लागली. पाचव्यांदा तीस सेकंद. औषध उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये; ते गुलाबी-तपकिरी झाले किंवा मुदत संपली, तर बदलावे.

राहता राहिला तो मुलगा स्वतः. पंधराव्या वर्षी मित्रांसमोर औषधाची डबी काढायची लाज वाटते, आणि दमा असेल तर पंपही घरीच राहतो; दमा आटोक्यात नसलेल्या मुलाला धोका अधिक असतो, तेव्हा आधी तो सांभाळावा. सहलीला जाताना डबी शिक्षकांच्या सामानात बसच्या डिकीत जाऊ नये, त्याच्याच पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असावी, आणि त्याच्या दोन मित्रांना ती कुठे आहे, हे माहीत असावे. आमच्या घरात हे काम त्यानेच केले: डबीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘मांडीत, लगेच, मग १०८.’