शिक्षकाने शाळा सांभाळून कथा लिहिताना
विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडते आणि दिवाळी अंकांना कथा जुलै-ऑगस्टपर्यंत हवी असते. म्हणून पहिला खर्डा उन्हाळी सुटीतच, सकाळी ऊन तापायच्या आत उरका.

वर्षभर १०० पानी वहीत रोज दोन ओळी टिपा: कापूस वेचून आलेल्या पोरीच्या बोटांवरचे बोंडाचे ओरखडे, खिचडीच्या रांगेतलं वऱ्हाडी बोलणं. कथेत नुसतं विद्यार्थ्याचं नाव बदलून भागत नाही, गाव लहान असतं. घर, भावंडं, बापाचा धंदाही बदला.

कथा फसते ती बहुधा शेवटी, कारण तिथे लेखकातले गुरुजी शिकवू लागतात. शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. कथा पुरी वाटली तर तो खोडाच.

प्रत स्वतःकडे ठेवूनच पाठवा, आणि एका वेळी एकाच अंकाला.