गेम बॉयचं दिशेचं बटण नीट चालत नाहीये? नवीन रबर मागवायच्या आधी हे करून बघा

जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स कपाटातून काढला, सेल टाकले, गेम चालू झाला, आणि हिरो उजवीकडे मस्त पळतोय पण डावीकडे जायचं नावच घेत नाही, अंगठा दुखेपर्यंत दाबलं की कुठे एखादं पाऊल टाकतो. जुन्या हँडहेल्डचं हे सगळ्यात कॉमन दुखणं. बहुतेक वेळा आत काही तुटलेलं नसतं, फक्त घाण साचलेली असते. पण लोक काय करतात, लगेच ऑनलाइन स्वस्तातलं रबर मागवतात, आणि ते जुन्या ओरिजिनल रबरपेक्षा वाईट निघालं की म्हणतात कन्सोलच गेला. म्हणून आधी साफसफाई, मग तपासणी, आणि नवीन पार्ट सगळ्यात शेवटी.

आत काय असतं ते एकदा कळलं की निम्मं काम झालं. प्लसच्या आकाराच्या त्या प्लास्टिक बटणाखाली सिलिकॉन रबरची शीट असते, तिला चार फुगवटे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या आत एक काळी टिकली. ही टिकली कार्बनवाली, म्हणजे तिच्यातून करंट जातो. तिच्या बरोबर खाली बोर्डवर दोन ट्रॅक असतात, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घातल्यासारखे, पण एकमेकांना न टेकणारे. तुम्ही दाबलं की टिकली खाली येते, दोन्ही ट्रॅक जोडले जातात, आणि कन्सोलला कळतं की डावीकडे जायचंय. बास, एवढंच. टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि आपल्याकडे घरोघरी असायचा त्या ब्रिक गेममध्ये पण हाच प्रकार, त्यामुळे खालचं बरंचसं तिथेही चालतं.

बटणाच्या मधोमध खालच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्यावर ते सगळं झुलतं, म्हणून डावी आणि उजवी बाजू एकदम दाबली जात नाही. गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ मध्ये गेम अँड वॉच या खिशातल्या गेमसाठी हे प्लसचं बटण आणलं आणि आजही कॉपी त्याचीच चालते.

आता उघडायच्या आधी, प्लीज, दोन मिनिटं नीट बघा की नेमकं काय होतंय, कारण प्रत्येक लक्षणाचा इलाज वेगळा आहे. एकच दिशा जोर लावल्यावरच चालते, तर टिकली किंवा बोर्ड मळलाय. हात न लावता हिरो आपोआप एकीकडे पळत सुटतो, तर बहुतेक कधीतरी कोल्ड्रिंक किंवा चहा आत गेलाय आणि बटण चिकटून बसलंय, नाहीतर रबर जागेवरून सरकलंय. डावीकडे दाबलं की मधूनच वर पण जातो, हे घाणीचं काम नाही, रबर किंवा बटणाच्या मापाचा प्रॉब्लेम आहे, त्यावर पुढे येतो. आणि चारही दिशा एकदम मेल्या असतील तर रबराला दोष देऊ नका, चारही टिकल्या एकाच दिवशी मरत नाहीत, तिथे बोर्डवर गंज चढलाय का ते बघायचं.

सामान फार नाही लागत. ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर, म्हणजे तीन पात्यांचा, एक छोटा फिलिप्स, म्हणजे प्लसच्या टोकाचा, इअरबड्स, जुना मऊ टूथब्रश आणि ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत असल्या गोष्टी मिळून जातात, बाकीच्यांनी ऑनलाइन घ्या. ट्राय-विंगच्या जागी चपटा स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरवायचा जुगाड करू नका, स्क्रूचं डोकं एकदा झिजलं की ड्रिल मारण्यापर्यंत पाळी येते. आणि घरात पडलेलं हँड सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचशा बाटल्यांत ग्लिसरीन पण, ते वाळल्यावर चिकट थर सोडतं, म्हणजे जी घाण काढायला बसलात तीच परत लावली. गंज सोडवायचा साधा डब्ल्यूडी-४० स्प्रे पण नको, तेलकट राहतं. आयपीए पेट घेतं म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि देवापुढचा दिवा किंवा गॅस जवळ नको.

गेमची कॅसेट काढा, सेल काढा. मागचे ट्राय-विंग स्क्रू काढा, आणि सेलच्या खणात एक साधा फिलिप्स लपलेला असतो तो विसरू नका, तो राहिला की मागचं कव्हर निघत नाही आणि लोक ओढून प्लास्टिक फोडतात. कव्हर उचललं की वरची एल आणि आर बटणं सुटी होऊन पडू शकतात, म्हणून उघडल्या उघडल्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जोडताना तोच कामी येतो. आता स्क्रीनची पातळ फ्लॅट केबल दिसेल, ती ज्या कनेक्टरमध्ये घुसलीये त्याचं लॉक दोन्ही कडांनी थोडं थोडं करत अगदी किंचित बाहेर सरकवायचं. ओढून काढायचं नाही! या लॉकचा कान तुटला की दिशेच्या बटणाचं राहिलं बाजूला, स्क्रीनच बंद. केबल सुटली की बोर्डचे छोटे स्क्रू काढा आणि बोर्ड उचला, खाली रबर आणि बटणं दिसतील.

प्लास्टिकचं बटण आणि रिकामं पुढचं कव्हर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ब्रशने घासा, हो, पण त्यात स्क्रीन किंवा स्पीकर अजून लागलेला असेल तर कव्हर बुडवायचं नाही, ओल्या कपड्याने पुसायचं फक्त. बटण ज्या खाचेत बसतं तिच्या कडेला वर्षानुवर्षांचा काळा मळ असतो, टूथपिकने काढा, कित्येकदा बटण अडकायचं कारण हेच असतं. रबर पण साबणाच्या पाण्यात धुवून चालतं, पण टिकल्यांवर ब्रश नको. धुवून झालं की पूर्ण वाळू द्या, उन्हात नाही, सावलीत.

टिकल्यांसाठी इअरबड आयपीएत किंचित ओला करून हलकेच फिरवायचा. कापूस थोडा काळा होईल, घाबरू नका, पण काळा येतच राहिला तर थांबा, कारण आता घाण नाही, कार्बन निघतोय. पॉलिश पेपर, ब्लेड, नखं, यातलं काहीही टिकलीला लावायचं नाही. मला स्वतःला आयपीएपेक्षा कोरा कागद जास्त आवडतो, टेबलवर साधा पांढरा कागद ठेवायचा आणि टिकली त्यावर दोन-चार वेळा हलक्या हाताने घासायची, वरचा गुळगुळीत झालेला थर निघतो आणि बाकी काही बिघडत नाही.

बोर्डवरचे ट्रॅक काळे असतील तर ते पण कार्बनचे छापलेले आहेत, तिथे फक्त आयपीए आणि इअरबड. सोनेरी असतील तर नाही निघालं तर पांढरा खोडरबर हळूच फिरवला तरी चालतो, चुरा मात्र ब्रशने झटका. सेल लीक होऊन पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर आधी इअरबडवर थोडं व्हिनेगर, मग आयपीएने ते व्हिनेगर पुसून घ्या, नाहीतर तेच पुढे गंज आणेल.

एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम होतं. नाही झालं तर दोषी कोण ते शोधायचं, टिकली की बोर्ड. मल्टीमीटर असेल तर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं टिकलीवर जवळजवळ टेकवा, न टोचता. काही शे ओहमपर्यंत आकडा आला तर टिकली जिवंत आहे, कित्येक किलोओहम दाखवत असेल किंवा काहीच येत नसेल तर गेली. शिवाय चालणाऱ्या दिशेची टिकली पण मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, कारण मीटर दाबायच्या जोरावर पण आकडा बदलतो. मीटर नसेल तर सोपी आयडिया, बिघडलेल्या दिशेच्या टिकलीवर तिच्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बारीक तुकडा ठेवून तात्पुरतं जोडून बघा. दिशा चालली म्हणजे बोर्ड ठणठणीत, टिकलीच मेलीये. टेस्ट झाली की फॉइल काढा, बरेच व्हिडिओवाले ते फेव्हिक्विकने कायमचं चिकटवा म्हणतात, पण सुटून बोर्डवर फिरायला लागलं तर शॉर्ट होईल.

टिकली गेली असेल तर ६बी पेन्सिल घासून काही दिवस ढकलता येतं, ग्रॅफाइटमधून करंट जातो म्हणून, पण ते निघून जातं. कीपॅड रिपेअरचा कंडक्टिव्ह पेंट मिळतो, पातळ थर देऊन पूर्ण वाळू दिला तर तो चांगला टिकतो. हे पण नको असेल तर आता घ्या नवीन रबर, आणि आता ते विकत घेण्यात अर्थ आहे. बसवताना रबरची भोकं कव्हरच्या खुंट्यांवर बरोबर बसली पाहिजेत, एक जरी वर राहिली तर एक दिशा कायम दाबलेली राहते.

बोर्डचा ट्रॅकच तुटला असेल तर सोल्डरिंग येणाऱ्यांनीच हात घाला. नाहीतर गल्लीतल्या मोबाईल रिपेअरवाल्याला बोर्ड दाखवा आणि सांगा की इथून इथपर्यंत जंपर, म्हणजे बारीक वायर, मारून द्या, त्याच्याकडे मायक्रोस्कोप असतो आणि मोबाईलच्या मानाने हे काम त्याला सोपं आहे.

आता ते डावीकडे दाबलं की वर जाण्याचं. स्वस्त रबर आणि हल्लीच्या चिनी रेट्रो हँडहेल्डमध्ये हे खूप दिसतं, रबर फार मऊ असतं किंवा टिकली ट्रॅकच्या फार जवळ असते, त्यामुळे अंगठा थोडा कलला की शेजारची दिशा पण लागते. यावर टेपचा जुगाड चालतो. पातळ पारदर्शक टेपच्या बारीक पट्ट्या ट्रॅकच्या दोन कडांवर लावायच्या, मधला भाग उघडा ठेवायचा, म्हणजे टिकली टेकायला थोडा जास्त दाब लागतो आणि चुकून लागलेला हलका दाब मोजलाच जात नाही. आधी फक्त वर आणि खालीच लावून बघा. चारही बाजूंना जाड टेप लावलीत तर बटण दगड होईल. गेम बॉयमध्ये ओरिजिनल रबर असेल तर याची गरज सहसा पडत नाही.

जोडताना फ्लॅट केबल सरळ आणि पूर्ण आत गेलीये का बघा, मग लॉक दाबा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा, आणि तो पण हलक्या हाताने. सगळे स्क्रू पिळायच्या आधी दोनच लावून गेम चालवून बघा, चारही दिशा, आणि तिरक्या पण.

निन्टेन्डोच्या बाकीच्या कन्सोलबद्दल थोडक्यात. डीएस लाइटमध्ये रबरच आहे, तिथे हेच सगळं लागू, फक्त लिथियम बॅटरी आधी काढा. डीएसआय आणि थ्रीडीएसमध्ये दाबल्यावर टक् आवाज येतो कारण आत धातूची वाटी असते, तिथे रबर धुण्याचा प्रश्नच नाही. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची काडी (स्टिक) आपोआप सरकते तो प्रकार तर पूर्ण वेगळा. तिथे काडीखालचा कार्बनचा पट्टा घासून झिजतो. आधी सिस्टम सेटिंग्जमधून कॅलिब्रेट करून बघा, फुकट आहे. साफ केल्यावर थोडे दिवस बरं वाटतं, पण पट्टा झिजलाय तो झिजलाच, पूर्ण स्टिक मॉड्यूल बदलावं लागतं. बदलणारच असाल तर थोडे जास्त पैसे घालून हॉल इफेक्टवाली घ्या, त्यात मॅग्नेट असतं, घासायला पट्टाच नसतो.