शिकता शिकता मालमत्ता व्यवस्थापनाचा अनुभव कसा मिळवावा

इंटर्नशिपची जाहिरात निघेल म्हणून वाट पाहत बसू नका. इमारती सांभाळणारी छोटी कार्यालयं सहसा जाहिरात देतच नाहीत; समोर जाऊन विचारलं तर ऐकून घेतात.

सुरुवात वसतिगृहापासून किंवा कॉलेजच्या देखभाल विभागापासून करा. तिथली तक्रार नोंदवही सांभाळायचं काम मागून घ्या. तक्रार कधी आली, कोणाला पाठवलं, काम कधी झालं, खर्च किती, एवढंच लिहायचं. एकाच नळाची तक्रार तिसऱ्यांदा आली, की वायसर बदलून भागणार नाही हे आपोआप कळतं.

मग बाहेरच्या कार्यालयात जा. ‘काहीही करीन’ म्हणणाऱ्याला कोणी काही देत नाही. नेमकं सांगा: ‘जागा रिकामी झाली की पाहणी करून, फोटोंसह यादी भरून देईन.’ भाडेकरू एकदम बदलतात त्या हंगामात असा माणूस हवाच असतो.

पाहणी मात्र मन लावून शिका, कारण अनामत रकमेचे वाद इथेच मिटतात किंवा पेटतात. प्रत्येक खोलीत दाराच्या डावीकडून निघा आणि फिरून दाराशी या, म्हणजे काही सुटत नाही. नळ सोडून पाण्याचा निचरा बघा, सिंकखाली हात फिरवून ओल तपासा, सगळी बटणं दाबा, मीटर रीडिंगचा फोटो घ्या. ‘भिंत खराब’ असं मोघम लिहू नका. ‘खिडकीखाली वीतभर ओलीचा डाग’ असं लिहा. उन्हानं फिका पडलेला रंग ही झीज, दाराला पडलेलं भोक ही मोडतोड; झिजेचे पैसे सहसा अनामतीतून कापत नाहीत.

जोडीला रेंट रोल वाचायला शिका. कोणत्या जागेत कोण, भाडं किती, थकबाकी किती, करार कधी संपतो, हे सगळं त्या एका तक्त्यात असतं. स्प्रेडशीट येत असेल तर हे काम लवकर हाती येतं.

लंडनची आरआयसीएस (जमीन-इमारतींचं मोजमाप, मूल्यांकन करणाऱ्यांची संस्था, स्थापना १८६८) आणि शिकागोची आयआरईएम (मालमत्ता व्यवस्थापकांची संस्था, स्थापना १९३३) या जुन्या व्यावसायिक संस्था विद्यार्थ्यांनाही सभासद करून घेतात. नुसतं सभासदत्व मिरवण्यापेक्षा त्यांच्या कार्यक्रमांत ओळखी करून घेणं फायद्याचं.

काही पथ्यं पहिल्या दिवसापासून पाळा. भाडेकरूला कळवल्याशिवाय घरात शिरू नका, रोख भाडं स्वतःच्या हातात घेऊ नका, कोणाच्या घराचे फोटो मित्रांना पाठवू नका. काही देशांत जागा भाड्यानं लावून देण्यासाठी परवाना लागतो; तो नसताना भाडं ठरवण्याच्या बोलण्यांत पडू नका, ते काम वरिष्ठांचं.