परसेप्ट्रॉन ब्रँच प्रेडिक्टर सिम्युलेट करताय? या चुका टाळा

ब्रँच म्हणजे प्रोग्राममधला फाटा: उडी घ्यायची ('टेकन') की सरळ पुढे जायचं ('नॉट टेकन'). प्रोसेसर याचा आधीच अंदाज बांधतो, ते ब्रँच प्रेडिक्शन. न्यूरल ब्रँच प्रेडिक्शन म्हटलं की नवखा माणूस आधी पायटॉर्च ही न्यूरल नेटवर्कची लायब्ररी उघडतो. ते बंद करा. प्रोसेसरला अंदाज एक-दोन सायकलमध्ये हवा असतो, तिथे तुमचं भलंमोठं नेटवर्क बसत नाही. डॅनियल हिमेनेझ आणि कॅल्विन लिन यांनी २००१ मध्ये मांडलेला परसेप्ट्रॉन म्हणजे आठ-आठ बिटांची वेट्स, मागच्या ब्रँचेसच्या निकालांनुसार अधिक-उणे करून त्यांची बेरीज आणि त्या बेरजेचं चिन्ह. चॅम्पसिम या प्रोसेसर-सिम्युलेटरमध्ये तो तयार मिळतो. पण ती फाइल वाचायला कुणाला सवड नसते. जो तो इकडून तिकडून कोड उचलतो आणि मग 'एमपीकेआय (दर हजार सूचनांमागे चुकलेले अंदाज) फार येतोय' म्हणून दारात उभा राहतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हिस्ट्री, म्हणजे मागच्या ब्रँचेसच्या निकालांची रांग, आधी सरकवायची आणि ट्रेनिंग नंतर करायचं. ब्रँचचा निकाल लागला की लोक तो लगेच हिस्ट्रीत ढकलतात आणि त्याच हिस्ट्रीवर वेट्स सुधारतात. आता पहिल्या जागेवर कोण बसलंय? खुद्द उत्तर. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक वेटमध्ये निकाल गुणिले हिस्ट्रीतलं इनपुट मिळवतात; इथे ते दरवेळी +१ येणार, म्हणजे पहिलं वेट वरच चढत राहणार. थोड्या वेळात तुमचा प्रेडिक्टर पोपट होतो: आधीची ब्रँच जे करेल तेच पुढचीबद्दल बोलतो. वाईट हे की आकडे अगदीच हास्यास्पद येत नाहीत, त्यामुळे शंका येत नाही. मी प्रेडिक्ट करतानाच हिस्ट्रीची प्रत काढून ठेवतो, ट्रेनिंग त्या प्रतीवरच करतो आणि सरकवण्याची ओळ फंक्शनच्या तळाशी लिहितो. त्या ओळीखाली काहीही लिहायचं नाही, हा माझा नियम.

हिस्ट्रीत 'टेकन'ला +१ असतो; 'नॉट टेकन'ला ० देऊ नका, -१ द्या. ० दिलं तर त्या जागेचं वेट हलतच नाही.

दुसरी चूक सॅच्युरेशनची, म्हणजे वेट कमाल मर्यादेवर थांबवण्याची, आणि हिच्यापायी एका एम. टेक.च्या मुलाचा प्रबंध उलट्या निष्कर्षासह छापला जाणार होता. त्याच्याकडे सुबक आलेख होता: हिस्ट्रीची लांबी २८ ब्रँचेस असताना निकाल चांगला, ६२ केली की बिघडतो. त्यावर त्यानं सिद्धांतही रचला होता, की दूरच्या ब्रँचेसमुळे गोंगाट वाढतो. ऐकायला छानच. मी म्हटलं, सर्वात वाईट ब्रँचची वेट्स प्रिंट कर. १२५, १२६, १२७ आणि पुढची ओळ -१२८. आठ बिटांचा साइन्ड इंटिजर वर भिंतीला लागून थांबण्याऐवजी पलीकडून खाली आला होता. सर्वात ठाम 'हो'चं एका पायरीत सर्वात ठाम 'नाही' झालं.

मग २८ ला हे का दिसलं नाही? थीटा या उंबरठ्यामुळे. अंदाज बरोबर असेल आणि बेरीज (चिन्ह सोडून) थीटाच्या वर असेल तर ट्रेनिंग थांबतं, आणि मूळ सूत्रात थीटा म्हणजे १.९३ गुणिले हिस्ट्री अधिक १४. हिस्ट्री २८ ला तो ६८ येतो, ६२ ला १३३. एखादी ब्रँच मागच्या एकाच ब्रँचवर अवलंबून असेल, तर बाकीची वेट्स शून्याच्या आसपास घुटमळतात आणि सगळा भार एका वेटवर येतो. ते ६८ च्या जरा पुढे सहसा थांबतं. १३३ गाठायला मात्र त्याला १२७ ओलांडावंच लागतं. बग पहिल्यापासून होताच, छोट्या हिस्ट्रीनं तो झाकला होता.

त्यानं लगेच सुचवलं, 'सर, सोळा बिटांचं करून टाकू.' हाच तो शॉर्टकट, ज्याचा मला राग येतो. बग दिसेनासा होतो, हार्डवेअरचं बजेट दुप्पट होतं आणि तक्त्यात मात्र जुनाच आकडा राहतो. दोन ओळींचा क्लॅम्प लिहा, म्हणजे वेट १२७ आणि -१२८ च्या बाहेर जाणार नाही. मी त्याच्या जोडीला एक असर्टही (अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी) ठेवतो: एका ट्रेनिंगमध्ये कुठलंही वेट एकापेक्षा जास्त हललं तर प्रोग्राम तिथेच मेला पाहिजे.

बजेटचा विषय निघालाच आहे तर, '१०२४ एंट्रींचा परसेप्ट्रॉन विरुद्ध १०२४ एंट्रींचा जीशेअर' ही तुलना करू नका. जीशेअर म्हणजे ब्रँचचा पत्ता आणि हिस्ट्री मिळून एक छोटा काउंटर निवडणारा साधा प्रेडिक्टर. परसेप्ट्रॉनला हिस्ट्रीची २८ वेट्स आणि एक बायस (हिस्ट्रीशी न जोडलेलं वेट), म्हणजे प्रत्येकी २९ वेट्स, मिळून २९ किलोबाइट. दोन बिटांच्या काउंटरचा तेवढ्याच एंट्रींचा जीशेअर मावतो २५६ बाइटमध्ये. जिंकलात त्यात नवल काय?

अचूकतेची टक्केवारी मिरवू नका. दर हजार सूचनांत २०० ब्रँचेस धरल्या तर ९७ टक्के म्हणजे ६ एमपीकेआय आणि ९८ टक्के म्हणजे ४. टक्केवारीत चिल्लर वाटणारा तो एक टक्का म्हणजे एक तृतीयांश चुका कमी.

वॉर्म-अप (मोजणीआधीचा, प्रेडिक्टरला शिकू देणारा टप्पा) शून्य ठेवून घाईघाईत काढलेले निकाल मला पाठवू नका. एकाच ट्रेसवरचे, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या नोंदवलेल्या सूचनांवरचेही नकोत.

जेसन फाइलमध्ये प्रेडिक्टरचं नाव बदललं, पण कॉन्फिग स्क्रिप्ट आणि मेक पुन्हा चालवलंच नाही, हा प्रकार तर रोजचा. दोन प्रेडिक्टरांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले तर शोध लागलेला नसतो, बायनरी जुनी असते.

कधीकधी कोड बरोबर असतो आणि तरी एखादी ब्रँच निम्म्या वेळा चुकते. तिचा निकाल मागच्या दोन ब्रँचेसच्या एक्सऑरवर (दोघींचे निकाल वेगळे आहेत की सारखे, यावर) अवलंबून आहे का, ते बघा. एकट्या परसेप्ट्रॉनला ते शिकताच येत नाही, कारण तो सरळ रेषेनंच वाटणी करतो. तीच ब्रँच जीशेअरवर चालवा. त्याला सहज जमली, तर डीबगर बंद करून घरी जा.