सोयाबीनमध्ये तणनाशक फवारण्यापूर्वी पंपाचे माप कसे काढावे

नागपूर जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पावसाने सलग आठवडाभर ठाण मांडले, की डवरा (बैलांचे कोळपे) चालत नाही, निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि केना, लव्हाळा ही तणे पिकाच्या वर जातात. अशा वेळी तणनाशक घ्यावे लागते. त्याची निवड फारशी अवघड नाही. पेरणीनंतर उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडीमेथालीन वापरावे. ती वेळ हुकल्यास पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना इमॅझेथापायर फवारावे. ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनवर पडले तर पीकही मरते. शेजारी पऱ्हाटी असेल तर टू-फोर-डी या तणनाशकाचे नावही काढू नये, कारण त्याचे वाऱ्याने उडालेले थोडे तुषारसुद्धा कपाशीची पाने आकसून टाकतात.

खरी चूक होते ती मापात. मला पहिल्या वर्षी एका कृषी केंद्रात ‘पंपाला दोन टोपणे’ एवढेच सांगण्यात आले होते. त्याप्रमाणे फवारले, तेव्हा निम्म्या वावरातले सोयाबीन पिवळे पडले आणि उरलेल्या निम्म्यात तण जसेच्या तसे उभे राहिले. औषध एकच होते, पण फवारणारे आम्ही दोघे होतो आणि दोघांची चाल वेगळी होती. टोपणाचा सल्ला देणाऱ्याला तुमची चाल माहीत नसते, तुमचे नोझलही माहीत नसते. म्हणून तो सल्ला मी मानत नाही.

माप असे काढावे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा खुंट्या ठोकून आखावी. हा एक गुंठा झाला. पंपात साधे पाणी खुणेपर्यंत भरावे, पंख्यासारखा चपटा फवारा देणारे फ्लॅट फॅन नोझल लावावे (कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल येथे चालत नाही) आणि नेहमीच्याच चालीने तेवढी जागा फवारावी. नंतर पंप पुन्हा खुणेपर्यंत भरण्यास किती लिटर पाणी लागले ते मोजावे. समजा पाच लिटर लागले, तर चाळीस गुंठ्यांच्या एकराला २०० लिटर लागतील. इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिलि, म्हणजे लिटरला २ मिलि आणि १५ लिटरच्या पंपाला ३० मिलि. माझ्या भावाला त्याच गुंठ्याला सात लिटर लागले. त्याच्या पंपात तेच ३० मिलि टाकले असते, तर एकरी ५६० मिलि पडले असते. म्हणून प्रत्येक फवारणाऱ्याचे माप वेगळे काढावे, आणि नोझल बदलले की पुन्हा काढावे.

पाणी स्वच्छ असावे. वारा सुटला की फवारणी थांबवावी. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. धुतलेला असला तरी तो पऱ्हाटीत नेऊ नये.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट यांत तडजोड करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत आणि तो विहीर व नाल्यापासून दूर पुरावा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलेला डबा कोणीतरी पाण्यासाठी उचलून नेतो.