दबावाचा संशय आला, तर खटल्याचे कागद कसे वाचावेत

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव शहरात एखादा गंभीर गुन्हा घडला आणि त्याचा तपास रेंगाळला, की महिन्याभरात एक वाक्य हमखास कानावर येते: "वरून फोन आलाय, ती सगळी मंडळी एकच आहेत." ही मंडळी म्हणजे कुणाच्या मते एखादा क्लब, कुणाच्या मते पतसंस्था, तर कुणाच्या मते नावही नसलेली टोळी. असा संशय दरवेळी खोटा असतो असे मी म्हणणार नाही. इटलीत १७ मार्च १९८१ रोजी लिचो जेल्ली याच्याशी संबंधित ठिकाणी झडती झाली, तेव्हा तो प्रमुख असलेल्या 'पी-टू' या गुप्त लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसन पद्धतीच्या गुप्त मंडळाच्या, ९६२ सभासदांची यादी हाती लागली. त्या यादीत मंत्री होते, सेनाधिकारी होते, गुप्तचर खात्यांचे प्रमुखही होते, आणि पुढच्याच वर्षी तिथे गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा झाला. उलट ब्रिटनमध्ये १९९७ साली संसदीय समितीने पोलीस व न्यायव्यवस्थेतील लोकांच्या फ्रीमेसन या बंदिस्त बंधुसंघटनेच्या सभासदत्वाची चौकशी केली, तेव्हा बराचसा संशय अवाजवी असल्याचे तिने नोंदवले, मात्र सभासदत्व उघड असावे असाही आग्रह धरला. आपल्या जवळचे उदाहरण धारवाडचे आहे. कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांची हत्या ३० ऑगस्ट २०१५ रोजी तिथे झाली आणि पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरला. या दोन गुन्ह्यांचा धागा जुळला तो चर्चेने नव्हे, तर दोन्हीकडच्या गोळ्या एकाच पिस्तुलातून सुटल्याच्या न्यायवैद्यक निष्कर्षाने.

म्हणून पहिले काम असे, की 'कोणीतरी दबाव आणला' हे वाक्य मोडून त्याचा असा प्रश्न करावा, ज्याचे उत्तर एखादा कागद देऊ शकेल. त्यासाठी साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत: तारीख, काय घडले, आणि हे कशावरून कळले. तिसऱ्या रकान्यात 'पंचनाम्याची प्रत', 'कोर्टाची ऑर्डर' किंवा 'ऐकीव' यांपैकी जे खरे असेल तेच लिहावे, आणि 'ऐकीव' लिहिण्यात कमीपणा मानू नये. घटनेनंतर किती दिवसांनी एफआयआर नोंदवला, जागेचा पंचनामा कधी झाला, तपास अधिकारी कोणत्या तारखेला बदलले, महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब किती उशिरा घेतला, या चार तारखा शेजारी शेजारी आल्या की बऱ्याच अफवा आपोआप गळून पडतात आणि एखादी शंका मात्र अधिक ठळक होते.

आता सीमाभागातली खरी अडचण. कागद कन्नडमध्ये असतो आणि घरातल्या मोठ्यांना तो वाचता येत नाही. न वाचलेला कागद हा लपवलेल्या कागदासारखाच भासतो. खानापूर तालुक्यातले एक काका मुलाच्या मृत्यूच्या प्रकरणाचे कागद घेऊन माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे घडी घालून ठेवलेले, वर तांदळाच्या पिठाची पूड, कारण पिशवी पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती. बड्या लोकांनी प्रकरण दाबले अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. सगळ्यात खालचा कागद उलगडला, तर ती न्यायालयाची नोटीस निघाली: पोलिसांनी बी रिपोर्ट (तपास बंद करण्याचा अहवाल) दिला आहे, हरकत असल्यास हजर राहून सांगावी. ती येऊन तीन महिने झाले होते. दबाव होता की नव्हता हे त्या कागदावरून ठरत नव्हते. पण ज्या दारातून बोलायचे होते ते दार उघडे असल्याचे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

बी रिपोर्ट म्हणजे गुन्हा घडलाच नाही किंवा फिर्याद खोटी आहे असा पोलिसांचा अहवाल, आणि सी रिपोर्ट म्हणजे आरोपीचा शोध लागला नाही. भगवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे, की असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तेव्हा घरी आलेला प्रत्येक कन्नड कागद त्याच आठवड्यात जाणकाराकडून वाचून घ्यावा, त्याच्या मागे मराठीत दोन ओळींचा सारांश पेन्सिलीने लिहावा, आणि हरकतीच्या अर्जात 'पोलीस विकले गेले' असे न लिहिता 'अमुक साक्षीदाराचे नाव फिर्यादीत आहे, त्याचा जबाब घेतलेला नाही' अशी उणीव दाखवावी. न्यायाधीश अशा वाक्यावर काही करू शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील काही हक्क पाठ असावेत. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली, तर कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ९१ व्या दिवशी त्याची लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येते. खटला मागे घेण्याचा अर्ज आला, तर पीडिताचे ऐकल्याशिवाय तो मंजूर होत नाही.

भाषेबाबत एक गफलत वारंवार होते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, देता येते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो, त्यामुळे बेळगावात तो मराठीत दिला तर परत येऊ शकतो. त्या अर्जात 'का' विचारू नये; अधिकाऱ्याच्या बदलीच्या आदेशाची प्रत मागावी. तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

संबंध शोधताना सर्वाधिक सावधगिरी हवी. आरोपी आणि अधिकारी एकाच क्लबात जातात, एकाच देवस्थान समितीवर आहेत किंवा दोघांची भाषा आपल्याहून वेगळी आहे, एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. भाषेवरून बोट दाखवण्याची सवय तर आपल्या भागाने कटाक्षाने टाळली पाहिजे. तीन कड्या जुळाव्या लागतात: संबंध कागदावर दिसतो, ती व्यक्ती निर्णय घेण्याच्या जागी त्याच तारखेला होती, आणि तो निर्णय नेहमीच्या रीतीपेक्षा वेगळा होता. ज्यांना लोक गुप्त समजतात अशा कित्येक संस्था नोंदणीकृत असतात, आणि कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार कार्यकारिणीची यादी त्यांना दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते. तिथे ती पाहावी. तिसरी कडी सापडेपर्यंत व्हॉट्सॲप गटावर कुणाचेही नाव टाकू नये. बदनामीचा खटला फिर्यादीवरच उलटतो आणि साक्षीदार घाबरून मागे सरतात.

साक्षीदाराला प्रत्यक्ष धमकी आली, तर मात्र थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हास्तरावर अर्ज करता येतो. धमकीची तारीख, वेळ, फोन नंबर आणि नेमके शब्द वहीत त्याच दिवशी उतरवून तो करावा. आणि स्थानिक पातळीवर न्याय्य सुनावणी होणार नाही असे तिन्ही कड्यांनिशी दाखवता आले, तर खटला दुसरीकडे वर्ग करण्याची मागणी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे करता येते. तिथे जाताना वकिलाच्या हातात ती वही आणि पेन्सिलीचे सारांश लिहिलेले मूळ कागद, दोन्ही तारखांच्या क्रमाने लावून द्यावेत.