सुट्टीसाठी छोट्या विमान कंपनीचं तिकीट काढताय? पैसे असे भरा

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरनं 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं तेव्हापासनं आमच्या गल्लीत ज्याला त्याला विमानानंच फिरायला जायचंय. जावा की, कोण नको म्हणतंय, फक्त कंपनी लहान असली आणि नुसत्या सुट्टीवाल्यांच्या जीवावर चालत असली तर पैसे भरताना जरा डोकं लावा.

या कंपन्यांचं साखर कारखान्यासारखं असतं बघा, सीझन चार महिने आणि खर्च बारा महिने. विमानं भाड्याची, ते भाडं डॉलरमधी, पावसाळ्यात सीटा रिकाम्या गेल्या तरी हप्ता चुकत नाही, मग पुढच्या मे महिन्याची तिकिटं आत्ताच स्वस्तात विकायची आणि त्या पैशात आजचं इंधन भरायचं. इंग्लंडची मोनार्क अशीच उन्हाळा संपल्या संपल्या, 2 ऑक्टोबर 2017 ला बंद पडली, लाखाच्या वर माणसं परदेशात अडकली.

म्हणून सहा महिने आधीचं स्वस्त तिकीट दिसलं की लगेच उड्या मारू नका. आधी बातम्या बघा: पगार थकलेत का, विमानं जमिनीवर उभी आहेत का, तेल कंपन्या उधारी बंद करून रोख मागायल्यात का. शेवटचं असलं तर सरळ दुसरी कंपनी बघा.

पैसे क्रेडिट कार्डनंच भरा, एजंटला रोख तर अजिबात नको. फ्लाईट रद्द झाली आणि रिफंड येईना तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डावरनं गेलेले पैसे परत मागायचा अर्ज, टाकता येतो, सेवा मिळाली नाही म्हणून, आणि ते लगेच करायचं कारण त्याला मुदत असते. गो फर्स्ट ही विमान कंपनी 3 मे 2023 ला थांबली तेव्हा सुरू होणार सुरू होणार म्हणत तारखा पुढं जात राहिल्या, वाट बघणारे बसले हातावर हात ठेवून. एकदा प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या कोर्टात, गेलं की आपण रांगेत पार मागं, बँका पुढं.

आणि क्रेडिट शेल, म्हणजे रिफंडऐवजी पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडंच जमा राहिलेले पैसे, घेऊ नका!! रिफंड का क्रेडिट हे प्रवाशानं ठरवायचं असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे. मी गाढवपणा केला. शेंगा चटणीची पाकिटं बॅगेत कोंबत होतो तेवढ्यात फ्लाईट रद्दचा मेसेज, घाईत क्रेडिटचं बटण दाबलं, पुढं कंपनीच बंद. आता स्क्रीनशॉट तेवढा शिल्लक आहे.

मुंबईवरनं पुढची फ्लाईट असली तर सोलापूर-मुंबई आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जावा, आणि परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं काढा.